पहिल्या वाक्याचा उन्हाळा

मार्च सरत आला की आमच्या इमारतीच्या जिन्यात पाठांतराचे आवाज घुमू लागतात. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी येरझाऱ्या घालत सनावळ्या घोकते, तिच्या वरचा मुलगा गॅलरीत उभा राहून आभाळाकडे बघत ओठ हलवतो, आणि वय ऐंशीच्या पुढे गेलेलं असूनही माझ्या पायांना भिंगरी लागते. ऊन तापलं, हवेला तो कोरडा खारट वास आला की मला एका जागी बसवत नाही. वर्तकनगरात आता खारट वास कुठून येणार, पण मला येतो. सून म्हणते, "बाबा, बसा ना जरा, घरातल्या घरात किती फिरताय!" मी बसतो. दोन मिनिटांनी पुन्हा उठतो.

यंदा त्यात आणखी एक भर पडली. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीला एक तरुण बाई आल्या आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक वही ठेवली. वर छापलेलं होतं, 'माझी जीवनकथा'. आत रकाने. पूर्ण नाव, जन्मतारीख, बालपणीची एक आठवण, भेटलेली थोर माणसं, तरुण पिढीला संदेश. "अगदी सोप्पं आहे आजोबा, फक्त रिकाम्या जागा भरत जायच्या," त्या म्हणाल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ पाचव्या मिनिटाला संदेशापर्यंत पोचलेसुद्धा. मी पहिल्या दोन रिकाम्या जागांकडे बघत बसलो. मग पेनाला टोपण लावलं, पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि थेट माजिवड्याच्या पुलापर्यंत चालत गेलो.

खरं सांगायचं तर माझ्या कपाटात अशा चौदा वह्या आहेत. प्रत्येकीत माझ्या आत्मचरित्राची सुरुवात आहे आणि एकही सुरुवात तिसऱ्या पानापलीकडे गेलेली नाही. दुसऱ्यांची चरित्रं मात्र मी आयुष्यभर अधाशासारखी वाचली. लोकांना पत्त्यांचं वेड असतं, नाटकांचं असतं, मला माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत काय करत होता याचं आहे. ते वेड लागलं एका उन्हाळ्यात. आणि माझं स्वतःचं पहिलं वाक्य अडकून बसलं तेही त्याच उन्हाळ्यात.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होतो. आमच्या गावातून त्या परीक्षेला बसलेला मी पहिलाच. आम्ही आगरी, खाडीकाठचे, मिठागरावर राबणारे. ठाण्यातलं हायस्कूल आमच्या गावापासून तासाभराच्या चालीवर होतं आणि ठाण्यापलीकडचं जग कुठे सुरू होतं याची आमच्याकडे कोणाला फिकीर नव्हती. परीक्षा संपली तेव्हा मिठाचा हंगाम ऐन भरात होता. खाडीचं पाणी बांधातल्या लाकडी दारातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, ऊन त्याला आटवत न्यायचं आणि शेवटच्या वाफ्यात सकाळी बघावं तर पाण्यावर पांढरी साय धरलेली. बाबा लांब दांड्याच्या फळीने ते मीठ कडेला ओढायचे. आई टोपल्या भरून राशीवर नेऊन टाकायची. मी सकाळी दहापर्यंत हाताखाली राबायचो. टाचांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्याचं कौतुक कोणालाच नसायचं, कारण सगळ्यांच्याच टाचा तशा होत्या.

दहानंतर मी ठाण्याला वाचनालयात पळायचो.

तिथे टेबलामागे लेलेमास्तर बसायचे. निवृत्त शिक्षक, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, आवाज वर्गात बोलल्यासारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारातून परत पाठवलं. "नारायण, आधी पाय धुऊन ये. जाशील तिथे मीठ सांडतोस." खरंच, माझ्या पावलांचे पांढरे ठसे दारापासून कपाटापर्यंत उमटलेले होते. त्यांनी मला चरित्रांच्या कपाटाशी उभं केलं आणि सांगितलं की इथून सुरुवात कर, कादंबऱ्या काय, म्हातारपणीही वाचता येतात. प्रत्येक पुस्तक परत करताना ते एकच प्रश्न विचारायचे.

"ह्या माणसानं काय लपवलंय, सांग."

पहिल्यांदा मी गडबडलो. म्हटलं, सगळं तर लिहिलंय. ते हसले. "लिहिलेलं कोणीही वाचतो. न लिहिलेलं वाच."

मग मला ती खोडच लागली. त्या उन्हाळ्यात मी किती चरित्रं वाचली याचा हिशेब नाही. सगळ्यांची सुरुवात एकाच साच्यातली. कुटुंब गरीब पण सुसंस्कृत. वडील कडक पण आतून प्रेमळ. आई अत्यंत धार्मिक वृत्तीची, आणि त्यानंतर आई जी गडप व्हायची ती थेट तिच्या मृत्यूच्या प्रकरणात परत यायची. मधली चाळीस वर्षं ती काय करत होती हे कोणी सांगत नव्हतं. मी हातातलं पुस्तक मिटून बांधांवरून भटकायचो. माझ्या डोक्यात दुसऱ्यांची आयुष्यं नुसती कोंबलेली होती आणि माझं स्वतःचं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. निकाल लागेपर्यंत मी कोणीच नव्हतो. पास झालो तर कारकून, नापास झालो तर टोपली. रात्री झोप यायची नाही, दिवसा जागेवर बसवायचं नाही, नखं खाऊन बोटं लाल झाली होती.

लेलेमास्तरांनी ते ओळखलं असावं. एक दिवस त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरी वही काढून माझ्यापुढे टाकली. "तू लिही. मिठागरावरचं कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. आणि हे बघ, बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण पहिलं वाक्य खरं असू दे."

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, राशीजवळच्या गवती खोपीत आई भाकरी आणि सुकट खात बसली होती, तेव्हा तिला वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी घसा खाकरून सुरुवात केली. 'माझा जन्म ज्येष्ठ महिन्यात, मुसळधार पावसात, एका गरीब पण सुसंस्कृत कुटुंबात झाला. माझी आई अत्यंत धार्मिक वृत्तीची होती.'

"ही कोन बाय?" आईने विचारलं.

"तू."

"मी कवा धार्मिक झाले? देवलात जाऊन मना वरीस झाला. मिठात पाय भाजतान तवा देव आठवतो, तवराच." ती हसत होती. मग घास घेता घेता म्हणाली, "आनि पावसात कोन झाला?"

"मी. शाळेत तशीच तारीख आहे."

"तू थंडीचा. वाफं तुडवायचा टाइम व्हता. मी वाफ्यात उभी व्हते नि माजा पोट दुखाय लागला." एवढं बोलली आणि तिचा हात भाकरीवरच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. भाकरी फडक्यात बांधली, टोपली उचलली. "लिव तुना काय लिवायचा हाय त्ये," म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

मी बाबांना विचारलं. ते उघाडीच्या फळ्या बसवत होते, म्हणजे ते लाकडी दार बंद करत होते. "कागद बोलतो तेच खरा," ते म्हणाले. "आपन काय बोलतो त्याला कोन इचारतो?"

चरित्रं वाचून वाचून मला एक शिकवण मिळाली होती, न लिहिलेलं वाचायची. ती आता माझ्याच अंगावर आली. मी आमच्या घरातलं न लिहिलेलं वाचायला लागलो. शाळेत सगळ्या मुलांच्या दंडावर देवी टोचल्याचे गोल वण होते. माझ्या दंडावर एकही नव्हता. पुसट झाले असतील असं मी आजवर धरून चाललो होतो. दुसरं, आईने मला कधीही नारायण म्हणून हाक मारली नव्हती. घरात, गावात मी धोंडू. आमच्याकडे मूल दगावलं की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू असं काहीतरी ठेवायचे, म्हणजे मरणाला वाटावं, हे काय न्यायचं. ही रीत मला ठाऊक होती, शेजारच्या केरूचं नाव तसंच पडलेलं. पण रोज कानावर पडणारं आपलं नाव कोण उलटून बघतो? मी सतरा वर्षं ते नाव अंगावर घेऊन हिंडलो आणि एकदाही विचारलं नाही की माझ्या आधी कोण गेलं.

विचारायचं धाडस त्या दोन-तीन आठवड्यांतही झालं नाही. मी फक्त बांधांवरून फिरत राहिलो. उन्हात बांधाची माती तडकायची आणि माझ्या पायाखाली तिचे तुकडे व्हायचे. आई टोपल्या नेत होती. आम्ही दोघं एकमेकांच्या समोरून दिवसाला शंभरदा जायचो आणि बोलायचो फक्त पाण्याबद्दल.

आणि मग एका भर दुपारी बांधावरून एक काळी छत्री चालत येताना दिसली. तिच्याखाली लेलेमास्तर. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वहाणा एका हातात, काखेत वर्तमानपत्र. तेव्हा निकाल वर्तमानपत्रात नुसत्या नंबरांनी छापायचे. माझा नंबर त्यांनी वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे आधीच लिहून ठेवलेला होता. हा पांढरपेशा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच मिठागरावर आला असेल. दोनदा घसरला, पण छत्री सोडली नाही. लांबूनच त्याने ओरडायला सुरुवात केली.

"नारायण पास झाला! अहो, नारायण पास!"

आई डोक्यावर टोपली घेऊन राशीच्या अर्ध्या वाटेवर होती. टोपली तशीच घेऊन ती खाली आली. "कोन पास झाला?" तिने विचारलं.

"तुमचा नारायण! तुमचा मुलगा!"

तिने टोपली खाली ठेवली. तीतलं मूठभर मीठ घेतलं आणि दृष्ट काढायला हात उचलला. मी पुढे झालो, मान वाकवली. पण तिची मूठ माझ्यावरून फिरली नाही. माझ्या शेजारी, माझ्या मांडीइतक्या उंचीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे तिने तीनदा मूठ ओवाळली आणि मीठ खाडीच्या दिशेने फेकून दिलं. मग ती वाफ्याच्या कडेला तशीच ओल्यात बसली आणि तोंडाला पदर लावला.

लेलेमास्तरांनी छत्री मिटली. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण ते गूळपाणी पिऊन काही न विचारता निघून गेले.

त्या दुपारी आईने सांगितलं. तिला सांगायला फार वेळ लागला नाही.

"तुज्या आदी एक व्हता. नारायन त्याचा नाव. जेठाच्या पावसात झालेला. दोन वर्साचा झाला नि सरावनात ताप आयला. तीन दीस. तवा तू पोटात व्हतास, लाथा मारीत व्हतास."

देवी टोचणारा सरकारी माणूस नारायणला टोचून गेला होता आणि नाव, जन्मतारीख लिहिलेला दाखला देऊन गेला होता. नारायणच्या मरणाचा त्या टोचण्याशी काही संबंध नव्हता, पण आईला ते कोण समजावणार? मी झाल्यावर तो माणूस पुन्हा आला तेव्हा तिने मला मिठाच्या राशीमागे लपवलं. (पुढे नोकरीला लागल्यावर मी स्वतः जाऊन टोचून घेतलं.) मी शाळेत जायच्या वयाचा झालो तेव्हा गावातले मास्तर म्हणाले, देवीचा दाखला आणा, मग नाव घालतो. माझा दाखला नव्हता. घरात एकच कागद होता. तो पत्र्याच्या पेटीत, नारायणच्या करगोट्यापाशी ठेवलेला होता.

"बाबांनी नेला तो?" मी विचारलं.

"मीच काडून दिला."

"का दिलास?"

ती बराच वेळ हातातल्या मिठाचे खडे चोळत बसली. "त्याचाबी शालेत जायाचा वकत झाला व्हता," ती म्हणाली. "शालेत तो जायाचा. घरी तू यायचास."

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. मला राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. मी ओरडलो, "अभ्यास मी केला! चिमणीच्या उजेडात डोळे मी फोडले! दोन वर्षांचं पोर मॅट्रिक पास होतं काय?"

"नाय व्हत," आई हळूच म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की माझ्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते. पण खोटं कशाला बोलू, मला त्या पोराचा मत्सर वाटत होता. मी इतकी वर्षं शाळेतून धावत घरी यायचो, पहिला नंबर आला म्हणून सांगायचो, आणि ती माझ्याकडे बघून हसायची. ती कोणाकडे बघून हसत होती? माझ्या प्रत्येक बक्षिसात त्याचा वाटा होता आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

दोन दिवस मी घरी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी लेलेमास्तरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून दोरा बोटाभोवती गुंडाळला. "शाळेतून दाखला मिळायला अजून आठवडाभर आहे," ते म्हणाले. "आता अर्ज दिलास तर नाव, तारीख दोन्ही दुरुस्त होतील. एकदा का दाखला हातात पडला, की जन्मभर तोच. नोकरी त्यावर, लग्नपत्रिका त्यावर, सगळं त्यावर. तुझं तू ठरव. पण मी तुला सांगितलंच होतं, पहिलं वाक्य खरं हवं." त्यांनी स्वतःच्या हाताने अर्जाचा मसुदा लिहून दिला.

बाबांचं म्हणणं, भानगडीत पडू नको, खोटा दाखला दिला म्हणून शाळाच उलटायची.  रात्रीचं जेवण वाढताना आईने एकच विचारलं.

"मंग जुन्या नावाचा काय करतान?"

"लाल शाईने खोडतात."

"खोडतान?"

 सकाळी उठलो तर माझा सदरा धुऊन, वाळवून, तांब्यात निखारे घालून घडीवर फिरवलेला. फडक्यात भाकरी बांधलेली. "जा," ती म्हणाली. "तुजाबी हक हाय." आणि टोपली घेऊन निघाली.

मी हायस्कूलच्या कचेरीत गेलो. कारकुनाने अर्ज वाचला, हुं केलं, भलंमोठं रजिस्टर काढलं आणि माझं पान उघडलं. निळ्या शाईत लिहिलेलं नाव. नारायण. त्यापुढे ज्येष्ठातली ती तारीख. मी ते नाव कागदावर हजारदा लिहिलं असेल, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा वाचलं. कारकुनाने लाल शाईची दौत पुढे ओढली, टाक बुडवला, सरळ रेघ यावी म्हणून नावाखाली पट्टी धरली. मला एकदम दिसलं की ह्या जगात त्या पोराच्या नावाने एवढंच आहे. फोटो नाही, समाधी नाही, खाडीकाठी कुठे पुरलं ती जागाही भरतीने गिळलेली. एक करगोटा आणि ही ओळ.

मी पानावर हात ठेवला. टाकाचं टोक माझ्या तळव्याच्या कडेला लागलं.

"राहू द्या," मी म्हणालो.

"मग अर्ज कशाला आणलास?"

"चुकून."

"चुकून कोणी जन्मतारीख बदलतो काय रे?" कारकून वैतागला, पण त्याने टाक खाली ठेवला.

बाहेर आलो तेव्हा तळव्याच्या कडेला लाल शाईचा डाग होता. मी मोठं काही केलं असं मला वाटलं नाही. उलट काहीतरी हातचं घालवलं असं वाटत होतं. घरी न जाता मी दिवेलागणीपर्यंत खाडीच्या कडेने चालत राहिलो. आई उंबऱ्यात उभी होती.  तिने माझा हात उलटा करून डाग बघितला, पदराने पुसायला गेली, तो निघेना. मग हात तसाच धरून ठेवला.

लेलेमास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आता तूसुद्धा काहीतरी लपवणार."

"हो."

"मग तुला आत्मचरित्र लिहिता यायचं नाही, नारायण." त्यात राग नव्हता. ते मास्तर होते, गणिताचं उत्तर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आणि ते उत्तर साठ वर्षं बरोबर निघालं. मी 'माझा जन्म' एवढं लिहायचो आणि पेन थांबायचं. खरी तारीख लिहावी तर सगळ्या कागदांशी भांडण, खोटी लिहावी तर पुढचं एकेक वाक्य लटकं वाटायचं.

पण त्या वहीत मी एक चरित्र मात्र पुरं केलं. मृग जवळ आला, मिठाच्या राशी गवताने शाकारायला घेतल्या, तेव्हा मी आईला म्हटलं, मला नारायणचं सांग. ती शाकारता शाकारता सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. त्याच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. तो मीठ चाटायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा मागायचा. बाबा दिवसभर पाण्यात उभे असायचे म्हणून पाण्यात उभ्या दिसणाऱ्या प्रत्येक बगळ्याला तो 'बाबा' म्हणायचा. चालायला बांधावरच शिकला आणि पडला की नेहमी डावीकडे पडायचा. एवढं लिहून झालं आणि पान संपलं. मी आईला वाचून दाखवलं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"ह्यो 'रडत नसे' कुठून आनलास? लय रडायचा. पोर व्हता तो." चरित्रं वाचायच्या सवयीने ते माझ्या हातून आपोआप लिहिलं गेलं होतं. मी ते खोडलं आणि 'खूप रडायचा' असं लिहिलं. त्यानंतर दर वर्षी राशी शाकारायच्या दिवशी ती मला तेवढं पान वाचायला लावायची. मिठागरं विकली गेली, शाकारायला राशी उरल्या नाहीत, तरी मृगाच्या आदल्या दिवशी ती म्हणायची, "धोंडू, वही आन."

मी कल्याणच्या एका कचेरीत नारायणराव म्हणून नोकरीला लागलो. हाक आली की मला ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा. "नारायणरावांना दोनदा बोलवावं लागतं," असं साहेब नव्या माणसाला आधीच सांगून ठेवायचे. मी तंद्रीत असतो असा सगळ्यांचा समज. खरं म्हणजे पहिल्या हाकेला मी बाजूला होऊन त्याला वाट देत असे. ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. मत्सर मात्र कधीच विरून गेला. बढती मिळाली की वाटायचं, चला, पोरगं पुढे गेलं.

आणि मग कागदाप्रमाणे माझी निवृत्ती आली. हार, नारळ, शाल, दोन भाषणं. शाल घेऊनच मी गावच्या घरी गेलो. आई ओट्यावर बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली. मी शाल तिच्या मांडीवर ठेवली. "आई, आज नोकरी संपली."

तिने शाल चाचपली. मग बोटांवर मोजायला लागली. मिठाने चामड्यासारखी झालेली ती बोटं, त्यांतली दोन उरली तिथे ती थांबली. सगळ्या जगात माझं वय बरोबर मोजणारी ती एकटीच होती.

"तुजं अजून दोन पावसालं बाकी हान," ती म्हणाली. "नोकरी त्याची सरली. आता तू घरी ये."

मी गेलो. ते दोन पावसाळे आणि वरचे काही महिने मी तिच्या ओट्यावर बसून काढले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेही जायची घाई नव्हती. पायांची भिंगरी तेवढ्यापुरती थांबली होती. तिने एकदाच विचारलं, "त्याचा लिवलास. तुजा कवा लिवनार?" मी म्हटलं, लिहीन. तिसऱ्या पावसाळ्यात ती गेली, आणि माझी चाल पुन्हा सुरू झाली. त्यानंतर मला धोंडू म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही.

परवा माजिवड्याच्या पुलाखाली मी ती छापील वही काखेत धरून बराच वेळ उभा होतो. गाड्यांचा धूर, हॉर्न, आणि पलीकडे जिथे आमचे वाफे होते तिथे वीस-वीस मजले. आता खरं लिहून माझी कोणती नोकरी जाणार होती? कोणता कारकून लाल शाई काढणार होता? मला वाटत होतं की खरं पहिलं वाक्य लिहायचं तर नारायणला खोडावं लागेल. साठ वर्षं मी ह्या एका चुकीपायी बसून राहिलो. आईने निकालाच्या त्या दुपारी वाफ्याच्या कडेला ते वाक्य मला तयार करून दिलं होतं, त्यात दोघांनाही जागा होती, आणि मी ते ऐकून ओरडलो होतो.

घरी आलो. सुनेने विचारलं, "कुठे होतात एवढा वेळ?" मी टेबलाशी बसलो. नाव आणि जन्मतारखेच्या रिकाम्या जागा तशाच सोडल्या, वही उलटी करून मागचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं: माझं नाव धोंडू. शाळेत माझा भाऊ जायचा, घरी मी यायचो.